एक गुंठा, एक मिलिमीटर

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जायला लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटरच्या. १२ तारखेच्या पहाटे ती गाडी लातूरला लागली तेव्हा शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. घागरीपायी माणसं एकमेकांच्या अंगावर जातील अशी धास्ती प्रशासनाला होती. आठवडाभरात गाडी लांबली. पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. तिला नाव मिळालं जलदूत. कृष्णाकाठचं पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून मांजराकाठच्या माणसांची तहान भागवत होतं.

त्या दिवसांत मी वहीच्या मागच्या पानावर एक भागाकार करून ठेवला होता. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार. पंचवीस लाख लिटर त्यांच्यात वाटले तर माणशी साडेसहा लिटर येतात. अर्ध्या किलोमीटरहून लांब गाडी, वाटेतल्या प्रत्येक स्थानकावर तिला मोकळा मार्ग, आणि शेवटी हाती माणशी साडेसहा लिटर. प्यायला आणि स्वयंपाकाला पुरतील, अंघोळीला नाहीत.

त्या पानावर पुढे बरेच हिशेब वाढत गेले. हा लेख त्या पानाचा आहे.

वर्तमानपत्रात धरणाचं पाणी टीएमसीत येतं. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, हे आपल्याला पाठ असतं आणि आपलं कळणं तिथंच थांबतं. लिटरमध्ये मांडलं तर एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २८ लाख ३२ हजार टँकर. मिनिटाला एक टँकर, रात्रंदिवस, सणवार न पाळता रिकामा करत राहिलं तर एक टीएमसी पुरा व्हायला पाच वर्षं साडेचार महिने लागतील. रोज एक भरलेली जलदूत धाडली तर एकतीस वर्षं. आणि लातूरला एरवी ज्या मांजरा धरणातून पाणी मिळतं त्याची क्षमता आहे २२४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे आठ टीएमसीला थोडी कमी. जलदूतनं ते धरण भरायचं ठरवलं असतं तर रोज एक खेप याप्रमाणे दोनशे पंचेचाळीस वर्षं लागली असती. आज शेवटची खेप पोचायची तर पहिली पानिपतच्या तिसऱ्या लढाईनंतर वीसेक वर्षांत निघालेली असायला हवी.

२०१६च्याच पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरलं. पावसानं भरलं. उन्हाळ्यात ज्याची तळजमीन भेगाळली होती ते धरण काही आठवड्यांत काठोकाठ झालं.

हे दोन प्रसंग मी एकमेकांशेजारी ठेवून पाहत आलो आहे. रेल्वेचं काम खरोखर मोलाचं होतं. ज्यांनी ते रात्री जागून केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण माणूस पाणी वाहून नेतो तेव्हा आणि आभाळ ते आणून टाकतं तेव्हा, या दोहोंच्या मापात किती अंतर आहे ते त्या वर्षानं लख्ख दाखवलं. उद्यासाठी खरोखर जमण्याजोगा मार्ग शोधायचा असेल तर शोध त्या अंतरापासून सुरू करावा लागतो.

त्यासाठी एक लहान माप हाती हवं. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते पाणी बरोबर एक लिटर भरतं. गुंठ्यावर एक मिलिमीटर म्हणजे १०१ लिटर. एकरावर ४,०४७ लिटर. हेक्टरवर दहा हजार, म्हणजे भरलेला एक टँकर. चौरस किलोमीटरवर दहा लाख. पावकी-निमकीसारखं एवढं कोष्टक तोंडी असलं की टीएमसीचा दरारा उतरतो. हवामान खातं २४ तासांत अडीच मिलिमीटर पाऊस झाला की तो 'पावसाचा दिवस' धरतं. अडीच मिलिमीटर म्हणजे किती? अंगणातली धूळ बसते, पागोळ्या जेमतेम गळतात. पण तेवढा पाऊस एका चौरस किलोमीटरवर झाला की ते पाणी होतं पंचवीस लाख लिटर. पन्नास वाघिणींची पूर्ण जलदूत.

आता नकाशा मोठा करू. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. या सगळ्यावर सारखा एक मिलिमीटर पाऊस झाला तर १०.८७ टीएमसी पाणी पडतं. एक सेंटीमीटर झाला तर १०८.७ टीएमसी, कोयनेचा शिवसागर १०५.२५ टीएमसीचा आहे, तो भरून वर थोडं उरेल. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत राज्याची सरासरी एक हजार मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे दर पावसाळ्यात आपल्या अंगावर साधारण शंभर कोयना रिकाम्या होतात.

आणि आपली तहान किती? शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा मापदंड आहे. खेड्यातल्या माणसासाठी जलजीवन मिशननं ५५ लिटर धरले आहेत. मी खेडं-शहर हा फरकच काढून टाकला आणि सगळ्यांना १३५ लिटर दिले. २०११च्या जनगणनेतले ११ कोटी २४ लाख लोक, प्रत्येकी १३५ लिटर, वर्षाचे ३६५ दिवस. उत्तर आलं १९६ टीएमसी. पावसाच्या मापात अठरा मिलिमीटर.

हे उत्तर आलं तेव्हा मी आकडेमोड पुन्हा तीनदा केली. अठरा मिलिमीटर म्हणजे जुलैमधली एक बरी संध्याकाळ. एवढा पाऊस राज्यभर पडला आणि आपण तो नीट धरला, तर पिणं, स्वयंपाक, धुणं-भांडी, अंघोळ, गुमास्त्यापासून मंत्र्यापर्यंत प्रत्येकाच्या घरातलं वर्षाचं पाणी त्यात भागतं. लोकसंख्या आता वाढली आहे. वीस मिलिमीटर धरा. तरीही हजारातले वीसच.

पाऊस असा सारखा पडत नाही, हे उघड आहे. कोकणात तो धो धो कोसळतो, माण-खटाव आणि आटपाडीकडे ढग नुसते डोक्यावरून जातात. कोकणातलं पाणी घाटावर चढवायला वीज लागते. नद्यांच्या पाण्यावर शेजारच्या राज्यांचा हक्क आहे, लवादांनी ठरवलेला. यातलं काहीही मला विसरायचं नाही. तरीसुद्धा प्रमाण बदलत नाही: ज्या पाण्यासाठी बायका मार्च-एप्रिलमध्ये डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन मैलभर चालतात, ते पाणी एकूण पावसाच्या तुलनेत अगदी थोडं आहे. ते मिळत नाही याचं कारण पावसाच्या आकड्यात सापडत नाही.

ते पिकात सापडतं.

लागणीपासून तोडणीपर्यंत उसाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं. आपलं कोष्टक लावा. एका एकराला ८१ लाख लिटर. जलदूतच्या तीन गाड्या आणि वर बारा वाघिणी, एका एकराला, एका हंगामात. हेक्टरी ८० टन ऊस आणि ११ टक्के उतारा धरला तर साखर होते ८,८०० किलो आणि त्यासाठी पाणी जातं दोन कोटी लिटर. एका किलोमागे २,२७० लिटर. चहाच्या कपात आपण एक चमचा साखर घालतो, पाच ग्रॅम. तिच्यामागे साधारण अकरा लिटर पाणी असतं. एक कळशी.

राज्यात उसाचं क्षेत्र गेली काही वर्षं १२ ते १४ लाख हेक्टरांच्या घरात आहे. बारा लाखच धरू आणि दोन हजारांपैकी सहाशे मिलिमीटर पावसानंच दिले असंही मानू. उरलेले चौदाशे मिलिमीटर कालवा, विहीर नाहीतर बोअरमधून द्यावे लागतात. ते होतात ५९३ टीएमसी, राज्यातल्या सगळ्या माणसांच्या घरगुती पाण्याच्या तिप्पट. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानं आपल्या अहवालात लिहून ठेवलं आहे की महाराष्ट्रात पिकाखालच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हा विषय निघाला की बोट लगेच शेतकऱ्याकडे वळतं. रात्री दोनला लाईट येते म्हणून बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जाणारा माणूस चैन म्हणून ऊस लावत नाही. गारपिटीत ज्वारी आडवी होते, ऊस उभा राहतो. ऊस एकदा लावला की खोडवा मिळतो. त्याला कायद्यानं ठरलेला दर आहे, तोडायला टोळी येते, न्यायला ट्रॅक्टर येतो, घ्यायला कारखाना आहे. तुरीला आणि हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण वेळेवर माल घेणारं केंद्र जवळ असेल याची हमी नसते. ज्या पिकाच्या मागे विकत घेणारा उभा आहे ते पीक माणूस लावणार. म्हणून पाण्याचा प्रश्न बाजारात सोडवावा लागेल. ज्वारी, तूर, करडई यांच्या मागे उसाइतका खात्रीचा खरेदीदार उभा राहिला तर पाणी आपोआप त्या पिकांकडे वळेल. त्याला भाषणं लागणार नाहीत.

आणि ऊस राहील तिथे ठिबक. २०१७ साली राज्य मंत्रिमंडळानं उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला होता. सरीत पाट सोडून देण्याऐवजी मुळाशी थेंब दिला की पाणी खूप वाचतं. ठिबकवाले निम्म्याचं बोलतात, मी तीस टक्के धरतो. ५९३ टीएमसीचे तीस टक्के म्हणजे १७८ टीएमसी. राज्याचं वर्षाचं घरगुती पाणी १९६ टीएमसी आहे हे आठवा. एक टन ऊस कमी न करता, एक कारखाना बंद न करता, फक्त पाणी द्यायची तऱ्हा बदलून सगळ्या महाराष्ट्राच्या नळांपुरतं पाणी जवळजवळ मोकळं होतं. यात अट एकच: वाचलेलं पाणी आणखी एक एकर ऊस वाढवण्यात जाता कामा नये. आजवर बहुतेक ठिकाणी ते तसंच गेलं आहे आणि ही या उपायातली सगळ्यात कच्ची जागा आहे.

कालव्यावरचा ऊस निदान दिसतो. बोअरचं पाणी दिसत नाही. भारत वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसतो, अमेरिका आणि चीन मिळून उपसतात त्याहून जास्त. आपल्या मापात ८,४७५ टीएमसी. ऐंशी कोयना, दरवर्षी, दोन कोटींहून अधिक विहिरी आणि बोअरांतून. यातलं बरंचसं पावसाळ्यात परत भरतं, काही भरत नाही. २००२ साली अवकाशात सोडलेल्या ग्रेस नावाच्या जोड उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकावरून जमिनीखालचं पाणी अक्षरशः तोललं. राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली मिळून २००२ ते २००८ या सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर पाणी घटलं होतं. छत्तीस कोयना रिकाम्या झाल्या आणि जमिनीवर कुणाला भेगसुद्धा दिसली नाही.

याहून मोठा आकडा २०२३मध्ये आला. १९९३ ते २०१० या काळात माणसानं जगभरात मिळून २,१५० अब्ज टन भूजल वर काढलं. ते शेतांतून, गटारांतून, वाफेतून शेवटी समुद्रात गेलं. वजनाची जागा बदलली की फिरता भोवरा कलतो. तशी पृथ्वीही कलली. संशोधकांनी गणित मांडून दाखवलं की एवढ्या उपशामुळे पृथ्वीचा फिरण्याचा ध्रुव सुमारे ऐंशी सेंटीमीटर सरकला आहे. कमरेइतकी उंची धरा. आणि हे सरकणं घडवण्यात ज्या दोन प्रदेशांचा वाटा मोठा निघाला, त्यांतला एक पश्चिम उत्तर अमेरिका आणि दुसरा वायव्य भारत. मोटरची कळ दाबताना पृथ्वीचा आस हलतो आहे असं कुणाच्या मनात आलं असेल?

मग पाणी साठवायचं कुठे?

धरणांचं उत्तर आपण देऊन झालेलं आहे. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून अधिक. लहानमोठे सगळे प्रकल्प काठोकाठ भरले तर त्यांत वापरता येण्याजोगं पाणी साधारण १,४०० टीएमसी साठतं. पडणाऱ्या पावसाचा जेमतेम आठवा भाग. शिवाय उघडं पाणी आभाळ परत मागतं. पैठणचा नाथसागर पूर्ण भरलेला असताना सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. त्याच्या पृष्ठभागावरून एक मिलिमीटर वाफ झाली की ३५ कोटी लिटर गेले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ मिलिमीटर सहज उडतात. तोवर पाणी आटून पसारा निम्मा झाला असं धरलं तरी आठ मिलिमीटरला रोजचे १४० कोटी लिटर होतात, अख्ख्या जलदूतच्या ५६० गाड्या. छत्रपती संभाजीनगर त्याच धरणातून पितं आणि शहराला रोज मिळतं ते पाणी या वाफेहून कितीतरी कमी असतं.

शेततळ्याचंही असंच. सरकारी योजनेतलं तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं उताराच्या कडा धरून जवळपास २२ लाख लिटर घेतं. म्हणजे एका शेतकऱ्याच्या बांधाशी जवळजवळ एक जलदूत उभी. हे ऐकायला छान वाटतं आणि पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात धरलं तर ते खरोखर छानही आहे. पण कित्येक ठिकाणी तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरून बोअर उपसून ते भरलं जातं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं. भरलेल्या तळ्याच्या तोंडावरून आठ मिलिमीटरच्या हिशेबानं रोज सात हजार लिटर उडतात. शंभर दिवसांत तळ्याचा तिसरा हिस्सा जातो.

सगळ्यात मोठं धरण आपल्या पायाखाली आहे. मला या हिशेबातला हा भाग सर्वांत जास्त भावतो, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. खोल काळी जमीन एका मीटरच्या थरात पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. हेक्टरी पंधरा ते वीस लाख लिटर. तिला भिंत लागत नाही, दरवाजे लागत नाहीत, तिच्यासाठी गाव उठवावं लागत नाही. ऊन तिच्या वरच्या चार बोटांपुरतंच पोचतं. रब्बीची ज्वारी सोलापुरात एकही पाणी न देता येते ती याच साठ्यावर; परतीच्या पावसात रान भरून घ्यायचं, वाफसा आला की पेरायचं आणि मग ती ज्वारी माघापर्यंत मातीतला ओलावा पीत उभी राहते. आपल्या आजोबा-पणजोबांनी हे धरण वापरून पिढ्या जगवल्या.

राज्यात निव्वळ पेरणीखाली साधारण १ कोटी ७० लाख हेक्टर जमीन आहे. या जमिनीनं आज धरते त्याहून फक्त दहा मिलिमीटर पाणी जास्त धरलं तर? करंगळीच्या जाडीएवढा थर. हेक्टरी एक लाख लिटर. एकूण ६० टीएमसी. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे. म्हणजे एक नवी उजनी, आणि तीही प्रत्येकाच्या बांधाच्या आत, मुळांच्या शेजारी, कालव्याशिवाय.

करंगळीएवढं जास्त पाणी मातीत मुरवायचं तर काय करावं लागतं? उताराला आडवी पेरणी. रुंद वरंबा आणि सरी. फुटलेल्या बांधाची दर चैत्रात डागडुजी. शेणखत. पाचट पेटवून न देता सरीत अंथरणं. उन्हाळ्यात ऊस तोडल्यावर रात्री रानं जळताना दिसतात तेव्हा राखेबरोबर जमिनीची सावलीही जाते. यातलं एकही काम नवीन नाही. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसांनी बंडिंगच्या कामावर घाम गाळला, त्यांतले कित्येक बांध पुढे नांगराखाली गेले. बांध घालण्याचं उद्घाटन होतं, बांध राखण्याचं होत नाही. माझ्या मते पाण्याच्या सरकारी खर्चातला मोठा वाटा नव्या बांधकामाऐवजी अशा राखणदारीला मिळायला हवा, दरवर्षी, न चुकता.

हे सगळं एका गावानं करून दाखवलेलं आहे आणि त्या गावाचे आकडे सोपे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर, पाऊस साधारण चारशे मिलिमीटर, वस्ती साडेबाराशेच्या आसपास. गुणाकार केला की गावाच्या शिवारात वर्षाला पडणारं पाणी येतं ३९० कोटी लिटर. माणशी ५५ लिटरनं गावाला वर्षभर प्यायला-वापरायला लागतात अडीच कोटी लिटर. शंभरातला एक भागसुद्धा नाही. तरी हे गाव एके काळी टँकरवर होतं, माणसं गाव सोडून कामाला जात होती.

१९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे चर खोदले, बांध घातले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. हे इतरही गावांनी केलं. हिवरे बाजार टिकलं ते मला वाटतं दोन गोष्टींमुळे. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि ऊस-केळी लावायची नाहीत, असं गावानं ठरवलं. आणि पावसाळा सरला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं: किती पाऊस झाला, किती वाहून गेला, किती मुरला, विहिरींची पातळी काय. आधी माणसांचं आणि गुरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला तर गहू कमी. पेरणीच्या आधी हिशेब. बाकी बहुतेक गावांत हिशेब फेब्रुवारीत विहीर तळाला गेल्यावर होतो.

३९० कोटी लिटर हा आकडा मला दुसरीकडेही भेटला. मुंबई महानगरपालिका शहराला रोज जवळपास तेवढंच पाणी पुरवते, ३८५ कोटी लिटर किंवा थोडं अधिक. सात तलावांतलं, त्यातलं बहुतेक शहापूर-मोखाड्याकडच्या डोंगरांत साठलेलं. हिवरे बाजारचं वर्षभराचं आभाळ मुंबई एका दिवसात वापरते. आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा चार चौरस किलोमीटरवर जे पाणी कोसळलं त्यात याच मुंबईचा जवळजवळ एक दिवस निघाला असता. ते पाणी माणसं घेऊन समुद्रात गेलं. ज्या शहापूर तालुक्यात मुंबईची धरणं आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. जलवाहिनी ज्यांच्या दारावरून जाते त्यांचा तिच्यावर पहिला हक्क असला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

हक्काचं हे गणित पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पन्नास वर्षांपूर्वी मांडलं गेलं. १९७२च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे तिथे गेले, देवस्थानची चाळीस एकर माळजमीन भाड्यानं घेतली आणि पाणी अडवून ती पिकवून दाखवली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा मुख्य नियम असा: पाणी जमिनीच्या मालकीवर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा वाटा. आणि उसाला पाणी नाही.

अर्ध्या एकराचा हा हिशेब मी आपल्या कोष्टकातून काढून पाहिला. ज्वारीला चारशे मिलिमीटर धरले तर अर्ध्या एकराला आठ लाख दहा हजार लिटर लागतात. एका एकर उसाचे ८१ लाख. म्हणजे एक एकर ऊस दहा माणसांचं पाणी पितो. साळुंख्यांच्या नियमाप्रमाणे दोन पूर्ण कुटुंबांचं. ते २००२ साली गेले. त्यांचा नियम राज्याच्या कायद्यात कधी आला नाही; आला असता तर कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाघिणी धुऊन पाण्यासाठी तयार कराव्या लागल्या असत्या का, हा प्रश्न माझ्या वहीच्या त्या पानावर अजून तसाच आहे.

त्याच पानावर सगळ्यात शेवटी लातूरचा आणखी एक हिशेब आहे. लातूरला वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांचं एक स्लॅबचं घर घेतलं. छपराचं क्षेत्र ९३ चौरस मीटर. त्यावर वर्षभरात पडतात ७४ हजार लिटर. पहिल्या पावसाची घाण सोडून दिली, काही वाफ झालं, काही गळालं असं धरून वीस टक्के कमी केले तरी साठ हजारांच्या आतबाहेर उरतात. एवढी टाकी कुणाच्या घरी नसते, पण अंगणात कोरडी पडलेली बोअर असते. वाळू-खडीच्या गाळणीतून पन्हाळीचं पाणी तिच्यात सोडता येतं. पंचवीस लाखांना मी साठ हजारांनी भागलं.

बेचाळीस घरं. लातूरच्या एकाच गल्लीत तेवढी निघतात.